चाल – इमदाद खाँ यांची

पॅरिसमधल्या ‘साल एरार’ या सभागृहात १४ जानेवारी १९१४ रोजी एकाच कार्यक्रमात तीन नव्या गीतमाला पहिल्यांदा लोकांसमोर आल्या. एक इगॉर स्ट्राव्हिन्स्कीची, जपानी कवितांवर बेतलेली. दुसरी मॉरिस राव्हेलची, फ्रेंच कवी मालार्मेच्या शब्दांवरची. तिसरीचं शीर्षक ‘चार हिंदू कविता’, संगीतकार मॉरिस दलाज. पहिली दोन नावं पाश्चात्त्य संगीताशी जुजबी ओळख असणाऱ्यालाही ठाऊक असतात. तिसरं निघालंच तर ‘राव्हेलचा शिष्य’ एवढ्यावर आटोपतं.

या शिष्याची ती चार गाणी मिळून दहाएक मिनिटांची. त्यातलं दुसरं सुरू होतं आणि भारतीय कान टवकारतात. चेलोवर तार बोटाने छेडली जाते आणि छेडलेला स्वर तिथेच न थांबता पुढच्या स्वरावर ओढला जातो. पुन्हा छेड, पुन्हा ओढ. ही सरळसरळ मींड आहे, सतारीच्या घराण्यातल्या खर्जाच्या सूरबहारवर ऐकू येते तशी. दलाजला ती आपसूक सुचलेली नाही. ती त्याने इमदाद खाँ यांच्या तबकडीवरून घेतली. छापील स्वरलिपीत मात्र खाँसाहेबांचं नाव नाही. आजही हे गाणं कुठे सादर होतं तेव्हा पत्रिकेवर कवीचं आणि संगीतकाराचं नाव असतं. खाँसाहेबांचं असायलाच हवं, असा कुठे दंडक नाही.

तो असायला हवा. आणि तो आग्रह महाराष्ट्राने धरावा, याला कारणं आहेत.

दलाजचा जन्म १८७९ सालचा, लिओं शहरातला. घरचा बुटाच्या पॉलिशचा धंदा होता, पैशाची ददात नव्हती. तरी संगीत शिकण्याची रीतसर वाट त्याने धरलीच नाही. आधी जहाज वाहतुकीच्या कचेरीत कारकुनी, मग बुलोन बंदरात मासळीच्या व्यवसायात काम, असं त्याचं तारुण्य गेलं. पियानोवर बसायचं आणि कानाला लागेल ते वाजवत राहायचं, ही त्याची तालीम. १९०२ मध्ये दबुसीच्या ‘पेलेआस आणि मेलिझांद’ या ऑपेराने पॅरिसमध्ये धुमाकूळ घातला, तेव्हा त्या वेडात सापडलेल्या तरुणांत हाही होता. अशा अर्धवट शिकलेल्याला राव्हेलने हाताशी धरलं. राव्हेल शिष्य करून घेण्यात फार चोखंदळ होता, हे लक्षात घेतलं तर या माणसाच्या कानात काहीतरी असणार, एवढं उघड आहे.

त्या काळी राव्हेलभोवती कवी, चित्रकार, वादक यांचं एक टोळकं जमलं होतं. पॅरिसच्या रस्त्यांवरच्या गुंडांना तेव्हा ‘आपाश’ म्हणत, तेच नाव या मंडळींनी मिरवलं. दलाजने ओतय भागात बागेतली एक छोटी जागा भाड्याने घेतली होती. शेजारपाजार लांब, त्यामुळे रात्रभर पियानो बडवला तरी तक्रार करायला कुणी नाही. टोळक्याचा अड्डा तिथेच पडला. स्पॅनिश संगीतकार मान्युएल द फाया तिथे यायचा, पुढे स्ट्राव्हिन्स्कीही येऊ लागला. राव्हेलने ‘आरसे’ या पियानो-मालिकेतली ‘घंटांची दरी’ ही रचना दलाजला अर्पण केली. स्ट्राव्हिन्स्कीच्या त्या जपानी गीतांतलं पहिलंही दलाजलाच अर्पण आहे. पुढे दलाजच्या एका वाद्यवृंदरचनेला पॅरिसच्या जुन्या संगीतसंस्थेने नकार दिला. राव्हेलने अशा नकारांचा राग मनात ठेवला आणि मित्रांसह वेगळी संस्थाच काढली. १९१४ ची ती मैफल याच नव्या संस्थेची. थोडक्यात, मोठ्यांच्या चरित्रांत दलाज जागोजागी भेटतो, पण दार उघडणारा यजमान म्हणून.

१९११ च्या अखेरीस आईवडिलांबरोबर तो भारतात आला. धंद्याच्या निमित्ताने घरच्यांचा प्रवास आणि त्यात मुलगा सामील, असा तो बेत. ते दिवस दिल्ली दरबाराचे. पंचम जॉर्ज राजा मुंबईत अपोलो बंदरावर उतरला तो याच डिसेंबरात. युरोपातून येणारा पाहुणा हत्ती, राजवाडे, घाट पाहायचा आणि घरी जाऊन ‘पूर्वेच्या गूढ’ सुरावटी रचायचा, हा त्या काळचा शिरस्ता होता. दलाजनेही घाट आणि देवळं पाहिलीच असतील. त्याने आणखी एक केलं. तो ग्रामोफोनपुढे बसला.

भारतात ध्वनिमुद्रणाला तेव्हा दहा वर्षंही पुरी झालेली नव्हती. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग १९०२ मध्ये कोलकात्यात आला आणि त्याने गौहरजानचा आवाज मेणावर घेतला. विजेचा मायक्रोफोन नाही. भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, तीन मिनिटांत राग उरकायचा. शेवटी गाणाऱ्याने स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं. गौहरजानची इंग्रजीतली ती घोषणा जुन्या संग्राहकांना पाठ असते. हा मिजाशीचा भाग नव्हता. तबकड्या सुरुवातीला जर्मनीतल्या हानोव्हरला दाबल्या जायच्या, तिथल्या कामगाराला लेबल लावताना कुणाचं गाणं ते कळावं, म्हणून ही सोय. आपलं नाव आपल्याच तोंडाने तबकडीत कोरून ठेवणाऱ्या पिढीतले कलाकार दलाजने ऐकले, हे इथे ध्यानात ठेवायला हवं.

इमदाद खाँ यांचं वय तेव्हा साठीच्या पुढे. सतार आणि सूरबहारचे ते नामांकित वादक. इंदूरच्या होळकर दरबाराशीही त्यांचा संबंध होता. ज्या सतारियांचं वादन सर्वांत आधी तबकडीवर आलं, त्यांत त्यांची गणना होते. विलायत खाँ हे त्यांचे नातू. विलायत खाँ सतारीला गायला लावत, असं म्हणणाऱ्या रसिकांना ती मींड कुठून उतरली, हे सांगायला नको. आजोबांनी सूरबहारवर वाजवलेली जौनपुरी तोडी एका फ्रेंच तरुणाच्या हाती लागली.

इथे तबकडीने जे साधलं ते वहीने साधलं नसतं. मैफलीत मींड कानावरून जाते आणि संपते. युरोपीय स्वरलिपीत ती लिहू म्हटलं तर दोन टिंबांमध्ये एक रेघ ओढण्यापलीकडे काही करता येत नाही. स्वर कुठे रेंगाळला, मधल्या श्रुतीला किती चाटून गेला, हे कागदावर उतरत नाही. तबकडीवर मात्र सुई उचलून पुन्हा मागे ठेवता येते. पन्नास वेळा. कानानेच शिकलेल्या माणसाला याहून चांगला गुरू कुठला? म्हणून दलाजने चेलोवादकाला काय वाजवायचं याबरोबर कसं वाजवायचं हेही सांगितलं: तारा छेडायच्या कशा, घसरायचं कसं. त्याच गाण्याच्या अखेरीस गायिका शब्द सोडून देते आणि तोंड मिटून, उघडून, पुन्हा मिटून बारीक हरकतींचा आलाप घेते. युरोपात गळ्याची तालीम घेतलेल्या गायिकेला हे आजही अवघड जातं.

गाण्याचं नाव ‘लाहोर’. चारही गाण्यांना गावांची नावं आहेत: मद्रास, लाहोर, बनारस, जयपूर. आणि गंमत पाहा, ‘हिंदू कविता’ म्हणवणाऱ्या या संचातल्या ‘लाहोर’ची कविता चक्क जर्मन कवी हाइनेची! बर्फात उभा असलेला सूचिपर्णी वृक्ष पूर्वेकडच्या ताडाचं स्वप्न पाहतो, असा तिचा आशय. ‘मद्रास’ आणि ‘जयपूर’ यांचे शब्द मात्र भर्तृहरीचे, शृंगारशतकातले, फ्रेंच अनुवादात. हा भर्तृहरी मराठी वाचकाच्या घरचा आहे. वामन पंडितांनी त्याची शतकं समश्लोकी मराठीत आणून तीनशे वर्षं झाली. जिच्या आठवणीनेही पोळतं तिला प्रिया का म्हणायचं, हा त्याचा जुना सवाल पॅरिसच्या सोप्रानोच्या तोंडी ऐकताना मजा वाटते. ‘बनारस’मध्ये बुद्धजन्माचं वर्णन आहे, त्याला कवीचं नाव नाही. म्हणजे भर्तृहरी आणि हाइने यांची नावं छापली, अनामिकाला ‘अनामिक’ म्हणून जागा दिली. ज्याच्या सुरांवर ‘लाहोर’ची सुरुवात उभी आहे तो तेवढा राहिला.

‘रागमालिका’ या पियानोच्या रचनेत हेच पुन्हा घडलं. ती कोइंबतूर तायी या गायिकेच्या तबकडीवरून आली. रामलिंग स्वामींची तमिळ भक्तिपदं तायी गात. मद्रासमध्ये त्यांचा दबदबा होता आणि ग्रामोफोन कंपनीने त्यांच्या तबकड्या भरपूर काढल्या. दलाजने ते गाणं पियानोवर आणायचं ठरवलं आणि तालवाद्यापाशी येऊन अडला. पियानोचा खर्जातला स्वर दाबला तर घंटेसारखा घुमत राहतो. मृदंगाची थाप घुमत नाही, बद्द वाजून जिरते. मग त्याने स्वरलिपीत सूचना लिहिली: खर्जातल्या अमुक एका स्वराच्या तारांना पुठ्ठ्याचा तुकडा लावावा. तो एक सूर तेवढा मुका झाला, पियानोच्या पोटात एक छोटा ढोल तयार झाला.

पियानोच्या तारांत खिळे, रबर, स्क्रू अडकवून त्याचं तालवाद्य करण्याची कल्पना अमेरिकन जॉन केजच्या नावावर १९४० च्या आसपास जमा आहे आणि त्याचा केवढा गवगवा झाला. त्याच्या कितीतरी आधी दलाजचा पुठ्ठा होता. एरिक सातीनेही १९१४ च्या सुमारास तारांत कागद घालून पाहिला होता, तेव्हा ‘पहिला कोण’ या वादात पडण्यात अर्थ नाही. सातीने ते गमतीसाठी केलं. दलाजला मात्र एका दाक्षिणात्य गायिकेच्या साथीदाराचा ठोका पकडायचा होता.

दलाजचे हे स्रोत आपल्याला माहीत झाले ते अमेरिकन संगीत-अभ्यासक जॅन पास्लर यांच्या संशोधनामुळे. त्यांनी जुन्या तबकड्या आणि स्वरलिपी शेजारी ठेवून दाखवल्या. हे काम भारतातल्या विद्यापीठांतल्या संगीत विभागांना सुचलं नाही, याची खंत वाटते. तबकड्या आपल्या, राग आपले, घराणी आपली.

दलाजचं वेगळेपण कळायला त्याच्या दोनच वर्षं आधी येऊन गेलेला अल्बेर रूसेल पाहावा. हा माजी नौदल अधिकारी १९०९ मध्ये नवपरिणीत पत्नीसह भारतात आला. वेरूळची लेणी पाहून तो थक्क झाला. ‘एव्होकासियों’ या त्याच्या मोठ्या रचनेचा पहिला भाग, गुहांच्या अंधारातल्या देवांचा, वेरूळचा आहे. दुसरा जयपूरचा, तिसरा गंगातीराचा. संगीत भव्य आहे, सुंदर आहे. पण ते डोळ्यांनी पाहिलेल्या भारताचं. या रचनेत प्रदेश नेमका ओळखू यावा, असा रूसेलचा स्वतःचाही आग्रह नव्हता. चितोड पाहून त्याने ‘पद्मावती’ हा ऑपेरा रचला. तो १९२३ मध्ये पॅरिस ऑपेरात आला आणि २००८ मध्ये पॅरिसच्याच शातले नाट्यगृहात मुंबईच्या संजय लीला भन्साळींनी दिग्दर्शित केला. ‘पद्मावत’ सिनेमाच्या दहा वर्षं आधी. रूसेलचं नाव त्यामुळे निदान बातम्यांत तरी आलं. दलाजच्या वाट्याला तेही नाही. मोठा संगीतकार निवडायचा तर रूसेलच. त्याच्या सिंफनींपुढे दलाजची पुंजी चिमूटभर. पण भारतीय संगीत खरोखर ऐकलं कुणी, असं विचारलं तर उत्तर दलाज.

तिसरा फ्रेंच माणूस ऑलिव्हिए मेसियाँ. हा भारतात न येता भारतीय ताल शिकला. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच संगीत ज्ञानकोशातल्या लेखात ‘संगीतरत्नाकरा’तल्या १२० देशी तालांची यादी होती. ती त्याच्या हाती पडली आणि जन्मभर पुरली. ‘तुरंगलीला’ ही त्याची अवाढव्य सिंफनी या तालांशिवाय उभी राहत नाही. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, राजा सिंघणाच्या आश्रयाला होता. म्हणजे रूसेल ज्या वेरुळात उभा राहिला तिथून काही मैलांवर. मेसियाँने शार्ङ्गदेवाचं नाव कधी लपवलं नाही. लेखांत, व्याख्यानांत, स्वरलिपींत तालांची संस्कृत नावं तो अभिमानाने देत राहिला.

मग इमदाद खाँ आणि तायी यांचंच नाव का गळलं? दलाज कोत्या मनाचा होता, असं वाटण्याजोगं काही त्याच्या आयुष्यात दिसत नाही. राव्हेलच्या अखेरच्या आजारपणात त्याला सांभाळणाऱ्या जिवलगांत तो होता. अडचण त्या काळाच्या समजुतीची आहे. ग्रंथ लिहिणारा तो लेखक. त्याचं नाव द्यायचं. कविता करणारा तो कवी, त्याचंही द्यायचं. गाणारा-वाजवणारा म्हणजे वाऱ्यावर आलेला सूर, जंगलातलं फूल, कुणीही तोडावं. बाई असेल आणि तीही देवदासींच्या परंपरेतली, तर प्रश्नच मिटला. ही समजूत युरोपातही सगळ्यांची नव्हती. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक १९०६ पासून फोनोग्राफ घेऊन हंगेरीच्या खेड्यांत हिंडत होता आणि गाणाऱ्या शेतकरणीचं नाव, वय, गाव टिपून ठेवत होता. खाँसाहेब तर दरबारी कलावंत, तबकडीच्या लेबलावर नाव छापलेले. शोधायला कुठे जावं लागणार नव्हतं.

महाराष्ट्राने यात पडायचं ते इथे. संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तकं कुणीही उघडून पाहावीत. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि त्याच्याच शेजारी ‘चाल’ म्हणून मूळ चिजेचे किंवा गाण्याचे पहिले शब्द दिलेले असतात. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’तही हीच रीत. चाल कानडी असो, लावणीची असो की एखाद्या ठुमरीची. उचलली आहे हे लपवण्यात कुणाला कमीपणा वाटला नाही आणि ते सांगितलं म्हणून पदाची गोडी घटली नाही. दलाज भारताकडे निघाला त्याच १९११ मध्ये ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं. गोविंदराव टेंबे यांनी त्यात पूरब ढंगाच्या चाली खेळवल्या आणि मराठी प्रेक्षक त्यांवर अजून जीव टाकतात. गाणाऱ्या उस्तादाचं नाव आपणही दर वेळी छापलं नाही, हे खरं. पण मूळ कुठलं ते सांगायची शिस्त होती. पॅरिसच्या प्रकाशकांकडे तेवढीही नव्हती.

काही जण म्हणतील, चाल घेतली म्हणजे रचना झाली का? दलाजने तिला वेगळा साज चढवला, हार्प आणि बासरीची झिलई दिली, हाइनेच्या कवितेशी तिची गाठ मारली. मेहनत त्याची आहे. मान्य. ‘लाहोर’ दलाजचंच आहे. पदावर ‘चाल’ लिहिली म्हणून किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ दुसऱ्या कुणाचं होत नाही. याला चोरी म्हणून बोंब मारण्यात किंवा वसाहतवादाचा शिक्का मारून फाईल बंद करण्यात हशील नाही. तसं केलं की गाणं ऐकायचंच राहून जातं, आणि ऐकणं हाच तर दलाजचा मोठा गुण. पूर्व-पश्चिम संगमाची आपली कहाणी बीटल्सच्या सतारीपासून, म्हणजे १९६५ पासून सुरू करायची सवय जडली आहे. ती अर्धशतक मागे न्यायची तर सुरुवातीला इमदाद खाँ आणि कोइंबतूर तायी ही दोन नावं लिहावी लागतील, दलाजचं त्यांच्यानंतर.

हे मुंबईत सहज करता येण्यासारखं आहे. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ पासून भारताचा स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा आहे. ‘चार हिंदू कवितां’ना तर पूर्ण वाद्यवृंदही लागत नाही, एक सोप्रानो आणि दहाएक वादक पुरतात. आधी खाँसाहेबांची तबकडी ऐकवावी, मग कुणा सूरबहारवादकाने जौनपुरी तोडी वाजवावी आणि त्यानंतर चेलोने ‘लाहोर’ सुरू करावं. उत्तरार्धात तायींची तबकडी आणि ‘रागमालिका’. पत्रिकेवर प्रत्येक रचनेखाली राग, ताल, चाल असे तीन रकाने असावेत, जुन्या नाटकाच्या पुस्तकात असतात तसे. पियानोसाठी पुठ्ठ्याचा एक तुकडा लागेल, तो कॅन्टीनमधूनही मिळेल.